बजावणीची दरखास्त

सुरत शहरात राहणाऱ्या, मराठी वाचू शकणाऱ्या आणि वाईटाला वाईट म्हणणाऱ्या सर्व स्त्री-पुरुषांच्या सेवेशी.

अर्जदार: मी स्वतः. वय पन्नाशीला टेकलेले. शिक्षण आठवीत खंडित. व्यवसाय अर्जलेखन, कचेरीच्या फाटकाबाहेर, निंबाखालचे मेज. मूळ गाव शिरपूर तालुक्यात, हल्ली मुक्काम गोडादरा.

विरुद्ध: रमणिकशेठ, साड्यांना लेस व टिकल्या लावण्याच्या कारखान्याचे मालक.

घटनेचे ठिकाण: सदर कारखान्याचा पहिला मजला.

घटनेची वेळ: आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाल्यानंतरचा पहिला सोमवार, दुपारची सुट्टी संपून बाया पुन्हा कामाला बसल्या तेव्हा.

प्रत्यक्ष पाहणारे: (१) इंदूबाई, टिकल्या लावणारी कामगार. (२) जयेश, कारखान्याचा मॅनेजर. (३) वसंतआप्पा, आमच्या खानदेशी मंडळाचे अध्यक्ष, जे कानबाईच्या उत्सवाचे बोलणे करण्यासाठी आले होते आणि शेठजींच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. (४) जमिनीवर बसून काम करणाऱ्या इतर सर्व बाया.

हकीकत येणेप्रमाणे.

"आ वांचो," शेठ म्हणाले.

मी उभा होतो. शेठ बसले होते. माझ्या हातात त्यांनी जो कागद दिला तो माझाच होता. माझे अक्षर. माझी भाषा. तळाशी माझे नाव.

सकाळी त्यांचा माणूस कचेरीवर आला होता. म्हणाला, "शेठ बोलावे छे. मोटी अरजी लखाववानी छे." मोठा अर्ज लिहायचा आहे असे कळल्यावर मी घरी जाऊन सदरा बदलला. चांगले पेन घेतले. हे मी लपवत नाही. मोठ्या माणसाला माझ्या लेखणीची गरज पडली याचा मला अभिमान वाटला होता. जिना चढताना मी चष्मा पुसला.

वर उकाडा होता. टिकल्या उडतात म्हणून त्या मजल्यावर पंखे लावत नाहीत. गोंदाचा वास. जमिनीवर साड्या पसरलेल्या, आणि त्यांच्या कडेने वाकलेल्या बाया.

"आवो, लेखकसाहेब, आवो," शेठ म्हणाले. "पेन लाव्या?"

"लाव्यो छुं, शेठ."

"एनी जरूर नथी. आ वांचो. मोटेथी."

मी मोठ्याने वाचले. अर्ज संडासाच्या कुलुपाविषयी होता. बायांच्या संडासाला कुलूप असते. किल्ली मॅनेजरच्या खुर्चीमागच्या खिळ्याला असते. जिला जायचे तिने सर्वांदेखत जयेशकडे जाऊन किल्ली मागायची. जयेश कधी देतो, कधी म्हणतो, "हमणां ज तो गई हती." आत्ताच तर गेली होतीस. म्हणून बाया पाणी पीत नाहीत. पंखा नाही आणि पाणीही नाही. इंदूबाईला लघवीची आग सुरू झाली, ताप आला, तेव्हा ती आणखी काही जणींना घेऊन माझ्या मेजाशी आली. मी अर्ज लिहिला. त्यांनी सह्या केल्या, अंगठे दिले, आणि अर्ज कचेरीत गेला.

'अमानवीय' या शब्दावर शेठनी हात वर केला. "फरीथी."

मी पुन्हा वाचले.

"अमानवीय एटले शुं?"

मी अर्थ सांगितला. उभ्या उभ्या, शाळेतल्या मुलासारखा. माणसाला न शोभणारे.

"वाह," शेठ म्हणाले. बायांकडे वळून म्हणाले, "कोणे लखाव्युं?"

एक बाई म्हणाली, "लेखकभाऊंनी लिहिलं. आम्ही नुसता अंगठा दिला." दुसरी म्हणाली, "आम्हाला काय वाचता येतं?" इंदूबाई टिकल्या लावत राहिली.

मग शेठ अतिशय शांतपणे, आदरार्थी बहुवचनात म्हणाले, "हवे कान पकडो."

मला वाटले, थट्टा आहे. मी हसलो.

"मास्तर पकडावता हता ने? एम ज. पकडो. ने ऊठ-बेस करो. बोलता जाओ, हवे नहीं लखुं."

कुणी मला धरले नाही. कुणी हात उगारला नाही. दार उघडे होते, जिना माझ्या मागे होता. मला लिहिता येते, कलमे माहीत आहेत, या प्रसंगाला कायद्यात काय म्हणतात तेही माहीत आहे. माझ्या मनाने त्याच क्षणी निकाल दिला होता: हा अन्याय आहे, याला नकार द्यायचा असतो. निकाल स्पष्ट होता. त्यात तिळमात्र शंका नव्हती.

आणि माझे हात कानांकडे गेले.

मी उठलो. बसलो. उठलो. चष्मा नाकावरून घसरला, तो सावरायला हात मोकळा नव्हता. गुडघे करकर वाजत होते आणि त्या शांततेत सर्वांना ऐकू जात होते. "हवे नहीं लखुं. हवे नहीं लखुं." आता लिहिणार नाही. आवाज माझाच होता. वसंतआप्पा खिडकीबाहेर पाहत होते. जयेश मोबाइलमध्ये पाहत होता. बाया साड्यांकडे. शेठ थांबा म्हणाले तेव्हा मी थांबलो. त्यांनी सांगितले म्हणून थांबलो, हे वेगळे लिहून ठेवतो.

आता, हा कागद त्यांच्या हाती कसा गेला हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे.

ज्याच्याविरुद्ध तक्रार असते, त्याच्याकडेच ती खुलाशासाठी पाठवली जाते. ही कचेरीची रीत आहे. मी स्वतः वर्षानुवर्षे लोकांना ती समजावून सांगत आलो. राहिला प्रश्न माझ्या नावाचा. अर्जाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, लिहिणाऱ्याने आपले नाव आणि ठिकाण घालावे आणि लिहावे की अर्ज वाचून दाखवला, अर्जदारास कबूल आहे, हा आमच्या धंद्यातला जुना रिवाज. आता संगणकावर अर्ज काढून देणारे दुकानदार तो पाळत नाहीत. नाव घालत नाहीत. शहाणे आहेत. मी घालतो. ज्याने लिहिले त्याने लिहिले असे म्हणावे, एवढाच माझा मुद्दा होता. पत्ताही सुवाच्य अक्षरात घालतो. शेठच्या माणसाला मला शोधायला वेळ लागला नाही.

घटनेनंतर लगेचच लोकांची मते येऊ लागली.

पहिले मत जयेशचे. मी जिना उतरत होतो, तो मागून धावत आला. "काका, खोटुं थयुं. बहु खोटुं थयुं. मने जराय न गम्युं." चुकीचे झाले, मला जराही आवडले नाही. त्याचा चेहरा खरोखर पडला होता. "पाणी आपुं?" असे विचारून त्याने पाण्याची बाटलीही पुढे केली. ती मी घेतली नाही.

दुसरे मत वसंतआप्पांचे. ते स्कूटर घेऊन खाली आले. "बस मागे," म्हणाले. मी बसलो. मोठ्या रस्त्याला लागलो. मग मान न वळवता म्हणाले, "वाईट करं शेठनी. फार वाईट. माले तं पटनंच नही."

"मग तिथे का बोलला नाहीत, आप्पा?"

"अरे, त्याच्यापुढे बोलीसन काय फायदा? तो सुधरनार शे का?"

"मला तुम्ही कान सोड म्हणाला असता तरी चाललं असतं. मी सुधरलो असतो."

आप्पांनी स्कूटर थोडी वेगात घेतली.

घरी बायको दारातच उभी होती. माझ्या पँटीच्या गुडघ्यांना टिकल्या चिकटल्या होत्या. उठाबशा काढताना कधीतरी तोल जाऊन गुडघे टेकले असावेत. माझ्या ते लक्षातही राहिले नव्हते. ती म्हणाली, "काय व्हयनं? साड्या लावाले गयथात का काय?" ती हसत होती. मी सांगितले. मग हसणे गेले. तिने खाली बसून नखाने एक एक टिकली काढली आणि सगळे ऐकून घेतल्यावर एवढेच विचारले, "मंग कोनी उठनं का?"

कुणी उठले नाही, मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि टिकल्या चुलीपाशी कचऱ्यात टाकल्या. त्यानंतर या विषयावर ती माझ्याशी बोललेली नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीवर माझ्याआधी बातमी पोहोचली होती. माझ्या मेजावर चहा येऊ लागला. स्टॅम्पवाल्याने पाठवला. नोटरीने पाठवला. शेजारच्या अर्जलेखकाने, जो एरवी माझी गिऱ्हाइके पळवतो, त्याने स्वतः आणून दिला आणि म्हणाला, "तुमच्यासारख्या माणसाला असं? काय जमाना आलाय." चहाचे ग्लास गार होत राहिले. वकीलसाहेबांनी मला आत बोलावले, खुर्ची दिली. ते धुळ्याचे आहेत, माझ्याशी मराठीत बोलतात.

"नैतिकदृष्ट्या," ते म्हणाले, "तुमची बाजू शंभर टक्के बरोबर आहे."

"मग तक्रार दाखल करू या, साहेब."

"साक्षीदार कोण?"

"सगळा मजला, साहेब."

"सगळा मजला सही करत नाही. एक नाव सांगा. एक माणूस सही करतो का बघा, मी बिनफीचा उभा राहतो." मग त्यांनी जोडले, "अर्थात, त्या आठवड्यात माझी तारीख मोकळी असली तर."

म्हणून मी एक सही शोधायला निघालो. मला दुसरे काही नको होते. माफी नको होती, भरपाई नको होती. जे घडले ते मी पाहिले, असे लिहून त्याखाली एका माणसाने आपले नाव घालावे, एवढेच. ज्या रिवाजाने मला खाली पाडले तोच रिवाज दुसऱ्या कुणी एकदा पाळावा.

इंदूबाईच्या खोलीवर गेलो. ती नळाशी पाणी भरत होती. मला पाहून हंडा तसाच सोडून आत गेली आणि बसायला चटई टाकली. मी विचारण्याआधीच ती रडू लागली.

"भाऊ, तुमले कान धराले लावं, ते मी दखं. माले रातभर झोप उनी नही. मनामुळेच व्हयनं हाई."

"तुझ्यामुळे नाही. पण पाहिलंस ना? मग सही कर, बाई."

तिने पदराने तोंड पुसले. हाताकडे पाहिले. बोटांच्या टोकांना वाळलेला गोंद होता.

"सही दिसू तं कामवर कशी जासू, भाऊ? सकाय माले त्याच चावीकरता जयेशकडे जानं शे."

मी उठलो. दारात चप्पल घालताना ती म्हणाली, "पन वाईटच व्हयनं. माले मान्य शे." मान्य आहे. हा शब्द मी गेली कित्येक वर्षे अर्जांच्या शेवटी लिहीत आलो आहे.

जयेशने मला चहाच्या टपरीमागे नेले. इकडे तिकडे पाहिले. "काका, दिलथी कहुं छुं, तुम्ही बरोबर आहात. माझी आई असती त्या बायांत तर? मी रोज विचार करतो." तो खरोखर विचार करत होता, यात मला शंका नाही. त्याच्या डोळ्यांखाली काळे आले होते. "पण सही माझ्याने होणार नाही." मी म्हणालो, मग निदान ती किल्ली खिळ्यावरून काढ, कुलूप उघडे ठेव. ते तर तुझ्याच हातात आहे. तो म्हणाला, "शेठ पूछशे."

आप्पा म्हणाले, "कानबाई होऊ दे. मंग दखू."

आणि मग शेवटचे मत आले. स्वतः शेठचे.

ते कचेरीत कशाच्या तरी कामाला आले होते. जाताना माझ्या मेजाशी थांबले. सगळ्यांदेखत माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ते दिवसे जरा वधारे थई गयुं, लेखकसाहेब. खोटुं थयुं. हुं मानुं छुं." चुकीचे झाले, मी मानतो.

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. मी लगेच कोरा कागद पुढे ओढला. "मग तेवढं लिहून द्या, शेठ."

ते मनापासून हसले. "एमां लखवानुं शुं? कह्युं ने!"

"आणि कुलूप?"

"चावी तो जोईए. नहीं तो बधी आखो दिवस त्यां ज बेसशे." किल्ली हवीच, नाही तर सगळ्या दिवसभर तिथेच बसतील. आणि खांद्यावर दोनदा थोपटून ते गाडीकडे गेले. पलीकडच्या मेजावरचा लेखक म्हणाला, "बघा, मोठ्या मनाचा माणूस. स्वतः येऊन बोलला."

त्या दुपारी मी एकही अर्ज लिहिला नाही. बसून राहिलो आणि विचार केला. मी शिकलेला नाही, पण निकाल म्हणजे काय ते मला माहीत आहे. माझा सगळा जन्म निकालाच्या दाराशी गेला आहे.

माझ्या या प्रकरणात सामनेवालाच नाही. कामगार म्हणते, चूक. मॅनेजर म्हणतो, चूक. अध्यक्ष म्हणतात, चूक. वकील म्हणतात, चूक. ज्याने केले तोही म्हणतो, चूक. कुणाचे दुमत नाही. ज्या दाव्यात दोन्ही पक्षांचे एकमत असते तो पहिल्याच तारखेला सुटतो, असे मी लोकांना छातीठोकपणे सांगत असे. माझा दावा सुटला होता. माझ्या बाजूने सुटला होता. आणि कुलूप जागच्या जागी होते.

अडाण्याला वाटते, निकाल लागला म्हणजे जमीन मिळाली. तसे नसते. निकाल हातात घेऊन माणूस घरी येतो, पेढे वाटतो, आणि जमिनीवर दुसराच नांगर फिरवत राहतो. निकालानंतर बजावणीसाठी वेगळी दरखास्त द्यावी लागते. मग बेलिफ निघतो, दारावर जातो, ताबा देतो. न्यायाधीश खुर्चीतून उठत नाही. हा मुद्दा मी जन्मभर इतरांना समजावला, पण तो माणसाच्या आतही तसाच आहे हे मला त्या दुपारी कळले. आतला न्यायाधीश चोख आहे. लाच खात नाही, तारीख देत नाही, झटकन निकाल देतो. इंदूबाईच्या आत आहे, जयेशच्या आत आहे, शेठच्याही आत आहे. माझ्या आत तर होताच. पण हातपाय त्याचे नोकर नाहीत. हातपायांना बेलिफ लागतो. त्या मजल्यावर फक्त एकाच्या पदरी बेलिफ होता, आणि त्याचा आवाजसुद्धा चढला नव्हता.

मग मी स्वतःशीच उलटतपासणी केली. जो माणूस विंचू विंचू म्हणून ओरडतो आणि पाय खालीच सोडून बसतो, त्याच्याविषयी काय समजावे? एक तर तिथे विंचू नाही. किंवा विंचू म्हणजे काय ते त्याला माहीत नाही. मला वाटत होते, या दोनांतलेच एक असले पाहिजे. म्हणजे हे सगळे लोक खोटे बोलतात, त्यांना मनातून काहीच वाटत नाही. पण इंदूबाईचे रडणे खोटे नव्हते. जयेशच्या डोळ्यांखालचे काळे खोटे नव्हते. तेव्हा तिसरी शक्यता उरते. विंचू आहे, नांगी दिसते आहे, भीतीही खरी आहे. फक्त तो दुसऱ्याच्या पायाकडे चालला आहे.

हे कळल्याने मला काही बरे वाटले नाही. कळणे हाही एक निकालच. त्याचीही बजावणी झाली नाही.

श्रावणात कानबाई आली. मंडळाने गोडादऱ्यातला हॉल घेतला होता. बायांनी रोट केले, गाणी झाली, फुगड्या झाल्या. दुसऱ्या दिवशी विसर्जनाआधी छोटी सभा होती. प्रमुख पाहुणे रमणिकशेठ. आप्पा आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन गेले होते. "शेठच्या हातून तुला शाल-नारळ देतो. सगळ्या समाजासमोर. मान परत मिळाला म्हणजे मिटलं." मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. माझी मान थोडी हलली असावी. आप्पांनी ती संमती धरली.

माझे नाव पुकारले. मी स्टेजवर गेलो. शेठनी शाल उलगडली आणि दोन्ही हातांनी माझ्या खांद्याकडे आणली. टाळ्या सुरू झाल्या. त्या टाळ्यांत मला एकाएकी दिसले की हे सगळे पुन्हा तेच आहे. शेठ सांगणार, आणि मी वाकणार. या वेळी खांदे पुढे करून.

मी मागे सरलो. शाल हवेत राहिली. मी आप्पांच्या हातातला माइक घेतला.

"आखाजीनंतरच्या सोमवारी," मी म्हणालो, "शेठच्या कारखान्यात मला कान धरून उठाबशा काढायला लावल्या. संडासाच्या कुलुपावर अर्ज लिहिला म्हणून. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं ते या हॉलमध्ये आहेत. मला सही नको. पाहिलं असेल तर हात वर करा. फक्त हात."

वरचे पंखे तेवढे फिरत होते. मी थांबलो. मी खूप वेळ थांबलो.

इंदूबाई पुढच्या रांगेत होती. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. जयेश पायऱ्यांशी नारळाचे ताट धरून उभा होता. त्याचे दोन्ही हात ताटाला होते. आप्पा वाकून माइकची वायर नीट करत होते. वायरला काही झाले नव्हते.

तेवढ्यात एक हात वर झाला. माझ्या अगदी शेजारी.

"में जोयुं," रमणिकशेठ म्हणाले. मी पाहिले. "हुं त्यां ज हतो!"

सगळा हॉल हसला. कोंडलेली वाफ सुटावी तसा हसला. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडले, "शेठ, तुमी तं समदासनाबी पुढे निंघनात!" बाया तोंडाला पदर लावून हसल्या. इंदूबाईही हसली असावी, मला नीट दिसले नाही. शेठ दोन्ही हात पसरून हसत होते आणि एका हातात शाल लोंबत होती.

मी शाल त्यांच्या हातून घेतली. तिची घडी केली. घडी त्यांच्या हातावर ठेवली.

"आ शुं?"

"तुम्ही साक्षीदार आहात, शेठ," मी म्हणालो. "साक्षीदाराकडून अर्जदाराला काही घेता येत नाही."

माइक चालू होता. हसणे थांबले. मी स्टेजवरून खाली उतरलो. वाटेत कुणी सरकून जागा दिली नाही, आणि कुणी अडवलेही नाही.

दुसऱ्या दिवशी मी तक्रार दाखल केली. साक्षीदाराच्या रकान्यात एकच नाव: रमणिकशेठ, ज्यांनी भर सभेत हात वर करून घटना पाहिल्याचे कबूल केले. कारकुनाने ती दोनदा वाचली, माझ्याकडे पाहिले, म्हणाला, "काका, तुमच्यावर अन्याय झालाय, खरं सांगतो," आणि पोच दिली. तक्रार रीतीप्रमाणे खुलाशासाठी रवाना झाली आहे. रमणिकशेठकडे.

कुलूप आहे. किल्ली खिळ्यावर आहे. बाया पाणी पीत नाहीत. वकीलसाहेबांची तारीख मोकळी नाही.

येथवरची हकीकत माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे. आता निर्धार लिहितो. तो कुणाच्या संमतीवर अवलंबून नाही.

माझे हात यापुढे कुणाच्या सांगण्यावरून माझ्या कानांपर्यंत जाणार नाहीत. ते जाऊ लागले तर मी जमिनीवर बसेन, आडवा होईन, जिन्यावरून गडगडत खाली येईन, पण ते जाणार नाहीत. त्या वेळी माझे मन काय म्हणते आहे याची मी वाट पाहणार नाही. मनाचे म्हणणे मला ठाऊक आहे.

दुसरे. माझ्यापुढे येऊन जो कुणी म्हणेल की वाईट झाले, त्याच्यापुढे मी पेन आणि कागद ठेवीन. सही करा, नाही तर म्हटलेले मागे घ्या. तिसरा मार्ग माझ्या मेजावर बंद. चहा परत जाईल. लोक माझ्याकडे यायचे बंद होतील, हे मला कळते. काही जण आताच रस्ता ओलांडून पलीकडून जातात. जावे.

तिसरे. दर सोमवारी, कामाला बाया बसल्या की, मी त्या कारखान्याच्या जिन्याखाली उभा राहीन आणि तो अर्ज मोठ्याने वाचीन. शेठनीच मला सांगितले होते, मोटेथी. 'अमानवीय' हा शब्द दोनदा वाचीन. पहिला सोमवार होऊन गेला आहे. वरून कुणी खाली आले नाही. एक खिडकी बंद झाली.

तरी सेवेशी विनंती की, या दरखास्तीचे लेखी उत्तर द्यावे. उत्तरात आपले मत लिहू नये. मत सर्वांचे एकच आहे आणि त्याच्या पुरेशा प्रती अर्जदाराकडे आहेत. आपण काय केले, किंवा कोणत्या दिवशी काय करणार, एवढेच लिहावे, आणि त्याखाली आपले पूर्ण नाव सुवाच्य अक्षरात घालावे. हे वाचताना आपण मान हलवली असल्यास ती उत्तर म्हणून स्वीकारली जाणार नाही.